टर्बो शिट्टी मारतो म्हणजे नेमकं काय होतं?

दिवाळीला मारेगावला घरी गेले होते. फराळाचं ताट समोर आलं न आलं तोच मामा म्हणाला, "टर्बो गेला म्हणते मिस्त्री. नवाच टाका लागते म्हणते. तू तेच शिकून रायली ना पुण्याले? मंग पाय ना जरा."

मामाचा दहा चाकी ट्रक आहे, २०१५ चा. वणीकडच्या खाणींतून कोळसा भरतो. तक्रार दोन ओळींची होती: चढावर शिट्टी मारते आणि पिकअप गेलं. नवीन टर्बो म्हणजे पाच आकडी बिल, वर दोन-तीन दिवस गाडी उभी, आणि बँकेचा हप्ता काही त्यासाठी थांबत नाही. मी चार वर्षं ज्या विषयावर पीएचडी करतेय तो विषय घरच्या अंगणात उभा होता आणि मला एकदम पोटात गोळा आला. प्रयोगशाळेत चुकलं तर आलेख पुन्हा काढता येतो. इथे मामाचे पैसे जाणार होते.

ब्लॉगवर पहिल्यांदा आला असाल तर थोडक्यात सांगते. यंत्राच्या आवाजावरून त्याचा बिघाड ओळखायचा, हा माझा विषय. त्यातही अवजड ट्रकांचे टर्बो. हा विषय मी निवडला की गावानं माझ्यासाठी निवडला, कोण जाणे. मारेगाव हे वणी–करंजी रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. पूर्वेला वणी आणि तिथल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, उकणी, निलजई, कोलारपिंपरी वगैरे. पश्चिमेला करंजी, जिथे हा रस्ता नागपूर–हैदराबाद हायवेला मिळतो. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या गाडी भरलेली की रिकामी, हे आम्हा पोरांना आवाजावरून कळायचं. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

आता मुद्द्यावर येते. आधी टर्बो म्हणजे काय ते पटकन बघू. इंजिनातून बाहेर पडणारा धूर लोडवर सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास गरम असतो आणि त्याच्यात बराच जोर शिल्लक असतो. तो वाया घालवण्याऐवजी त्याच्यावर एक चक्र फिरवायचं. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा आली की जास्त डिझेल नीट जळतं आणि गाडी चढाव चढते. कल्पना जुनीच आहे, आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं.

या यंत्राचा वेग मात्र डोक्यात नीट बसवून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ट्रकचं इंजिन मिनिटाला दीड-दोन हजार फेरे फिरतं. टर्बो लोडवर एक लाखाच्या आसपास जातो. हवेकडच्या चक्राचा व्यास आठ सेंटीमीटर धरा. मग पात्याचं टोक एका फेऱ्यात साधारण २५ सेंटीमीटर जातं, आणि सेकंदाला १,६६७ फेरे. गुणाकार करून बघा: सेकंदाला ४०० मीटरच्या वर. म्हणजे ताशी १,५०० किलोमीटर. आवाजाच्या वेगापेक्षा जास्त! बॉनेटखाली, हाताच्या पंज्याएवढ्या डब्यात.

एवढ्या वेगानं फिरणारी वस्तू गप्प बसेल कशी? शाफ्टमध्ये केसाएवढाही असमतोल असला तरी सेकंदाला १,६६७ वेळा हिसका बसतो, म्हणजे १,६६७ हर्ट्झचा सूर निघतो. तो शिट्टीसारखाच ऐकू येतो. चक्राला सहा मोठी पाती असली तर त्यांचा सूर १०,००० हर्ट्झवर, मधली सहा छोटी पाती धरली तर २०,००० वर. हा शेवटचा सूर माणसाच्या कानाच्या कुंपणावरच आहे, कुत्र्याला मात्र मजेत ऐकू जातो. तर पहिली गोष्ट: टर्बोची शिट्टी हा आजार नाही. शिट्टी बदलणं, नवीन शिट्टी येणं, शिट्टीबरोबर पिकअप किंवा धूर बदलणं, याकडे लक्ष द्यायचं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश तापमानात हवा विरळ होते. १५ अंशांच्या हवेशी तुलना केली तर घनमीटरमागे साधारण दहा टक्के हवा कमीच. तेवढीच हवा पुरवायला टर्बोला जास्त पळावं लागतं. म्हणून "थंडीत नव्हता, उन्हाळ्यात आवाज चढला" एवढ्यावरून कुणी टर्बो खोलायला लागलं तर त्याला थांबवा.

आवाज कोणाच्या मागे धावतो?

गॅरेजमध्ये आवाजाची वर्णनं खूप ऐकायला मिळतात. शिट्टी, सायरन, भुंग्यासारखा, फुस्स, फुर्र, खर्र, कुकरसारखा. मी सुरुवातीला वहीत या शब्दांची यादीच केली होती. वाटलं होतं, प्रत्येक शब्दासमोर एक बिघाड लिहिता येईल. तसं काही झालं नाही. एकाची शिट्टी ती दुसऱ्याचा सायरन. आणि खरी अडचण पुढेच आहे: फाटलेला होज, सुटलेलं गॅस्केट, झिजलेला बुश, अल्टरनेटरचं बेअरिंग, ही सगळी मंडळी शिट्टी मारू शकतात.

म्हणून आवाज कसा आहे हे विचारण्याआधी तो कोणाच्या मागे धावतो ते विचारायचं. ट्रकमध्ये त्याला धावायला चार धनी आहेत.

पहिला धनी इंजिनाचे फेरे. पंखा, बेल्ट, अल्टरनेटर, ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर हे सगळे बेल्टने किंवा गिअरने इंजिनाला बांधलेले. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस दिली आणि आवाज पायाबरोबर लगेच वर, लगेच खाली, तर संशय इकडे. टर्बो इंजिनाला असा बांधलेला नसतो, त्यांच्यात फक्त धूर आणि हवा. त्यामुळे त्याचा सूर पायाच्या मागे थोडा रेंगाळतो. पाय सोडला की इंजिन लगेच खाली येतं, टर्बो आपल्या वेगात थोडा वेळ फिरत राहतो. हा उशीर कानाला चांगला कळतो.

दुसरा धनी गाडीचा वेग. गिअर बदलला तरी वेग तोच असताना सूर तोच राहिला, तर डिफरन्शिअल किंवा चाकांकडे बघा. टर्बोचा काही संबंध नाही.

तिसरा, खुद्द टर्बोचे फेरे. चौथा, हवेचा दाब. हे दोघं भाऊ-भाऊ, एकत्रच वाढतात, म्हणून इथे घोळ होतो. फरक सुराच्या जातीत आहे. टर्बोच्या फेऱ्यांमागे धावणारा सूर बारीक आणि स्वच्छ असतो, बासरीसारखा सरकत वर जातो. दाबामागे धावणारा आवाज पसरट असतो. सायकलच्या व्हॉल्व्हमधून हवा सुटावी तसा फुसकारा, त्यात कधीकधी एखादा सूर मिसळलेला. संगणकावर आवाजाचं चित्र काढलं तर पहिला चढत जाणाऱ्या रेघेसारखा दिसतो आणि दुसरा पाटीवर ओला बोळा फिरवल्यासारखा.

एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा समजली. डिझेल गाडीला न्यूट्रलमध्ये कितीही रेस दिली तरी टर्बोवर खरा भार येत नाही. इंजिन काम करत नाही, डिझेल थोडं, धूर थोडा, दाब जेमतेम. म्हणजे जो आवाज भरल्या गाडीत चढावर येतो तो गॅरेजच्या दारात उभ्या गाडीत येणारच नाही. आणि बहुतेक गाड्या तपासल्या जातात त्या रिकाम्या, उभ्या आणि न्यूट्रलमध्येच. मिस्त्रीचा दोष नाही. भरलेला ट्रक चढावर नेऊन बघायला त्याला वेळ आणि डिझेल कोण देणार?

मामाचा ट्रक

दुसऱ्या दिवशी आम्ही गॅरेजवर गेलो. मिस्त्री पहिला अर्धा तास माझ्या प्रश्नांची उत्तरं मामाकडे बघून देत होता. असो. त्याचा अंदाज अगदी चुकीचा नव्हताच: पिकअप नाही, शिट्टी आहे, थोडा काळा धूर आहे, म्हणजे हवा कमी पडतेय. हवा कोण देतो? टर्बो. मग टर्बो गेला. यातली एकच कडी सुटली होती. टर्बोनं दिलेली हवा इंजिनापर्यंत पोचते का?

न्यूट्रलमध्ये रेस दिली. शिट्टी नाही. टर्बो थंड झाल्यावर हवेकडचा पाईप काढून शाफ्ट बोटांनी हलवून बघितला. आडवा जरासा हलला. मिस्त्री लगेच म्हणाला, "पाहा, प्ले आहे." इथे बऱ्याच चांगल्या टर्बोंचा बळी जातो, म्हणून जरा थांबून सांगते. ट्रकच्या बहुतेक टर्बोंत बॉल बेअरिंग नसतात. शाफ्ट बुशमध्ये आणि बुश घरात, दोन्हीकडे तेलाच्या पातळ थरावर तरंगतात. इंजिन बंद असताना त्या थरात दाब नसतो, म्हणून शाफ्ट बोटाला आडवा थोडा हलणं हे त्याच्या बनावटीतच आहे. काळजी करायची ती शाफ्ट पुढे-मागे, लांबीच्या दिशेनं हाताला जाणवण्याइतका सरकत असेल तर, किंवा आडवा दाबून फिरवल्यावर पात्याचं टोक घराला घासत असेल तर. नेमकी मर्यादा प्रत्येक टर्बोची वेगळी, कंपनीच्या पुस्तकात मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दिलेली असते आणि ती डायल गेजनं मोजायची असते. मामाच्या टर्बोत लांबीचा प्ले हाताला लागत नव्हता. पाती शाबूत, घरावर घासल्याची चमकदार रेघ नाही.

मग भरल्या गाडीत बसले. मोबाईल खिडकीच्या आत, मामा गाडी चालवतोय, पहिला चढ लागला आणि फुसकारा सुरू. पाय सोडला की गायब. अगदी लगेच गायब, टर्बोसारखा रेंगाळत नाही. चित्र काढलं तर रेघ नव्हती, बोळा होता.

टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजला खालच्या बाजूनं चीर गेली होती. क्लॅम्पच्या काठानं घासून घासून. वरून हात फिरवला तर कळत नव्हती, दाब नसताना तिची ओठं मिटलेली असायची. दाब आला की उघडायची. खालच्या बाजूला कोळशाच्या धुळीत एक स्वच्छ धुतल्यासारखा पट्टा दिसला, तीच हवा सुटण्याची खूण. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर रेग्युलेटर लावून, अगदी बेताच्या दाबानं, साबणाचं पाणी टाकून बघितलं आणि फेस आला. होज आणि क्लॅम्प काही शे रुपयांत झालं. मामानं त्या दिवशी मला वणीहून जिलबी आणून दिली.

तिथेच थांबले असते तर ही गोष्ट छान झाली असती.

चुकलेला निदान

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. "पोरगी आवाज ऐकून सांगते." पुण्याला परतल्यावर व्हॉट्सॲपवर आवाज यायला लागले. त्यातला एक मामाच्या ओळखीच्या मालकाचा, बीएस-४ मधला ट्रक. तक्रार तीच: चढावर शिट्टी. स्कॅनर लावला तर कोड काही नाही. मी मामाचाच धडा गिरवला. होजचे क्लॅम्प बघा म्हणाले. एक क्लॅम्प खरंच सैल होता. आवळल्यावर आवाज कमी झाला. मी खुशीत वहीत "गळती" असं लिहून टाकलं.

पंधरा दिवसांनी तो टर्बो भरल्या गाडीत फुटला.

शाफ्ट तुटला, तेल रोखणारी सील गेली आणि इंजिनाचं तेल हवेच्या पाईपमध्ये ओढलं जायला लागलं. मागे निळसर पांढऱ्या धुराचा लोट. डिझेल इंजिनाची एक भीतीदायक गोष्ट अशी की त्याला ठिणगी लागत नाही. जे जळेल ते त्याला चालतं. स्वतःचंच तेल पिऊन ते आपोआप रेस घ्यायला लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण चावी फक्त डिझेल तोडते. त्या ड्रायव्हरनं डोकं शाबूत ठेवलं: वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरले आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवून बंद केलं. असं इंजिन थांबवायचे दोनच मार्ग, एक हा आणि दुसरा हवेचं तोंड बंद करणं. दुसऱ्यात हात घालायचा नाही. ती ओढ पंजा आत घेऊ शकते. त्याला काही झालं नाही. पण टर्बोबरोबर इंटरकूलरही धुवावा लागला, कारण पात्याचे तुकडे त्यात अडकले होते. ते इंजिनात गेले असते तर पूर्ण इंजिन उतरवावं लागलं असतं.

त्या मालकानं मला एक शब्द सुनावला नाही. त्यानं सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी ती सगळी ध्वनिमुद्रणं पुन्हा काढून बसले. कुठे चुकलं ते शोधायला दोन दिवस लागले, आणि त्यातली एकही चूक गणिताची नव्हती.

व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज माणसाचं बोलणं पाठवायला बनवला आहे. फाइल लहान राहावी म्हणून तो बोलण्याला न लागणारा वरचा भाग कापून टाकतो. शिवाय फोन स्वतःच्या अकलेनं मागचा एकसारखा आवाज "गोंगाट" समजून दाबतो. मला जो बारीक सूर हवा होता तोच फोननं साफ करून पाठवला होता. माझ्या चित्रात वरचा अर्धा भाग काळा होता आणि मी तो "इथे काही नाही" असा वाचला. खरं तर तिथलं काही मला मिळालंच नव्हतं. या दोन वाक्यांतला फरक मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

दुसरी चूक जास्त लागते. त्या ट्रकचा क्लीनर, असेल एकोणीस वर्षांचा, फोनवर म्हणाला होता, "म्याडम, गाडी बंद केल्यावर खर्र करते थोडं." ड्रायव्हर पन्नाशीचा, तीस वर्षं गाडीवर. तो म्हणाला, "काही नाही करत, याले काय समजते." मी अनुभवावर विश्वास ठेवला. आता कानाचं विज्ञान काय म्हणतं? सततच्या गोंगाटानं कान खराब होतो तेव्हा आधी ३,००० ते ६,००० हर्ट्झचा पट्टा जातो, खास करून ४,००० च्या आसपासचा. वयानं त्याच्यावरचे सूर जातात. बोलणं बरंच खाली असतं, म्हणून माणसाला आपल्याला कमी ऐकू येतं हे वर्षानुवर्षं कळत नाही. धातूवर धातू घासण्याची बारीक खरखर मात्र याच वरच्या पट्ट्यात असते. म्हणजे गाडी सगळ्यात चांगली ओळखणाऱ्या माणसाला तो आवाज खरंच ऐकू येत नव्हता, आणि ज्याला "काय समजते" त्याला येत होता. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

आणि ती खरखर "बंद केल्यावर"च का? कारण तेव्हा इंजिन गप्प होतं. टर्बो मात्र अजून काही सेकंद फिरत असतो. इंजिनाच्या गोंगाटाखाली दबलेला आवाज उघडा पडतो तो याच वेळी. चांगला टर्बो हळूहळू, मऊपणे थांबतो. बुश झिजलेला असेल तर खरखरतो आणि लवकर, झटक्यानं थांबतो. मला आलेल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात माणसानं चावी फिरवली आणि त्याच क्षणी रेकॉर्डिंगही बंद केलं होतं. आपल्याला वाटतं गाडी बंद, म्हणजे आवाज संपला. कामाचे दहा सेकंद तिथेच सुरू होत होते.

क्लॅम्पचं काय? तो खरंच सैल होता. गळतीही खरी होती. एकाच गाडीत दोन बिघाड होते, आणि पहिला सापडल्यावर मी दुसरा शोधायचं थांबवलं.

टर्बो मरतो कशानं

त्या ट्रकचा टर्बो खोलला तेव्हा मिस्त्रीनं (हा वेगळा, वणीचा) तेल आणणारा बारीक पाईप हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि मालकाला म्हणाला, "हा बदलला नाही तर नवा टर्बोबी महिन्यात जाईल." आतून काळ्या कडक थरानं पाईप अर्धा बुजलेला. माझ्या सगळ्या आलेखांपेक्षा हे एक वाक्य जास्त मोलाचं होतं.

तो थर कशाचा? चढ चढून, गाडी तापलेली असताना लगेच चावी बंद केली की तेलाचा पंप थांबतो. धुराकडचं चक्र अजून भट्टीसारखं गरम असतं, ती उष्णता शाफ्टमधून आत येते आणि तिथे साचलेलं तेल करपतं. कढईला तळणाचं तेल चिकटून राहतं तसं. रोज थोडं थोडं. काट्यावर नंबर आला, पावती घ्यायची घाई आहे, गाडी बंद. म्हणून थांबण्याआधी दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा असं सांगतात. डिझेल जळतं म्हणून मालक ओरडतो, तेही खरंच आहे. पण सपाट रस्त्यावर हळू येऊन थांबलात तर टर्बो वाटेतच निवतो, वेगळं थांबायची फारशी गरज उरत नाही.

तेलाशिवाय दुसरा शत्रू धूळ. आमच्याकडे ती कोळशाची आणि मुरुमाची, दोन्ही. फिल्टर चोंदला की टर्बो हवेसाठी जिवाच्या आकांतानं ओढतो, आणि फिल्टरनंतरचा पाईप कुठे फुटका असेल तर धूळ थेट पात्यांवर जाते. हवा अडली की अजून एक आवाज येतो, तो वेगळा ओळखता येतो: पाय सोडल्यावर किंवा गिअर बदलताना फुर्र-फुर्र-फुर्र, कबूतर उडाल्यासारखा. चक्रानं ढकललेली हवा पुढे जायला जागा न मिळाल्यानं उलटी येते, पुन्हा ढकलली जाते, पुन्हा उलटी. कधीतरी एखादा फुर्र झाला तर चालतं. रोज, प्रत्येक गिअरला होत असेल तर आधी फिल्टर आणि पाईप बघा. तो धक्का शाफ्टला पुढे-मागे हाणत असतो.

टर्बोचं नुसतं आतलं कार्ट्रिज बदलून आणल्यावर लगेच स्वच्छ, बारीक, टर्बोच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी सुरू झाली तर ती "नवीन आहे, बसेल हळूहळू" म्हणून सोडू नका. मिनिटाला लाख फेरे फिरणाऱ्या वस्तूचा समतोल खास यंत्रावर, वेगात फिरवून साधावा लागतो. तो साधला होता का, ते विचारा. याउलट, थंडीत सकाळी येणारी आणि तेल गरम झाल्यावर जाणारी मधल्या पट्टीतली गुणगुण पुष्कळदा तेलाच्या थराचीच असते: शाफ्ट स्वतःभोवती फिरता फिरता तेलात गिरकी घेतो. गंमत म्हणजे हा सूर कधीकधी टर्बोचा वेग वाढला तरी जागचा हलत नाही, कोणाच्याच मागे धावत नाही. माझी वरची सगळी शिकवण हा एकटा सूर मोडतो. तो बहुधा निरुपद्रवी असतो, पण मला अजून त्याचा राग येतो.

माझ्या संशोधनात यातून काय बदललं, तेही सांगते, कारण गाईड वाचतात हा ब्लॉग. मी संगणकाला चांगल्या आणि बिघडलेल्या टर्बोंचे आवाज शिकवते. मी आधी सगळ्या ध्वनिमुद्रणांचे छोटे तुकडे करून ते पिसायचे, काही शिकवायला, काही परीक्षेला. निकाल इतका छान यायचा की मला संशय यायला हवा होता. एकाच ट्रकचे तुकडे दोन्हीकडे जात होते! संगणक टर्बोचा बिघाड शिकतच नव्हता. तो "हा अमुक ट्रक आहे आणि तो बिघडलेला आहे" एवढं पाठ करत होता. त्याच्या सायलेन्सरची खडखड, केबिनची दारं, सगळं ओळखीचं. आता नियम केलाय: जो ट्रक शिकवायला वापरला तो परीक्षेला नाही. निकाल धाडकन खाली आला आहे. प्रबंधात हेच आकडे जाणार. नव्या बीएस-६ गाड्यांत दाबाचे आणि काहींत टर्बोच्या वेगाचेही सेन्सर आहेत, तिथे माझं काम सोपं होतं. पण तिथेही "दाब कमी" असा कोड आला म्हणजे टर्बो गेला की होज फाटला, हे कोड सांगत नाही. मामाचाच प्रश्न, फक्त दिवा लावून विचारलेला.

तुम्हाला आवाज पाठवायचा असेल तर असा पाठवा. व्हॉइस मेसेज नको. फोनच्या रेकॉर्डरमध्ये जिथे गोंगाट कमी करायची सोय असेल ती बंद करा, आणि फाइल "डॉक्युमेंट" म्हणून जोडा. रेकॉर्डिंग क्लीनरनं करायचं, ड्रायव्हरनं नाही. आधी उभ्या गाडीत आयडल, मग न्यूट्रलमध्ये दोन-तीनदा रेस, मग भरल्या गाडीत एक चढ, त्यात एकदा पाय पूर्ण सोडायचा. बोलून सांगा: "आता तिसरा गिअर, आता पाय सोडला." शेवटी सपाटीला थांबून गाडी निवू द्या, चावी बंद करा, आणि कुणीही न बोलता अजून वीस सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवा. आवाज कधीपासून आहे, त्याआधी काय काम झालं होतं, तेल केव्हा बदललं, धूर कोणत्या रंगाचा, हे लिहून पाठवा. आणि क्लीनरला वेगळं विचारा, ड्रायव्हर समोर नसताना.

तो एकोणीस वर्षांचा पोरगा आता मला आठवड्याला दोन-तीन गाड्यांचे आवाज पाठवतो. काट्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्यांच्या गाड्यांचेसुद्धा. परवाच्या एकात शेवटच्या वीस सेकंदांत त्याचा दबका आवाज आहे: "उस्ताद, गप राय ना दोन मिन्ट."